फक्कीचे तीन गोल

तीन गोल मीच टाकले होते. दुसऱ्या कुणी नाही. कुणाला सांगायचं म्हणून हे लिहीत नाही, घरात आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी जे झालं ते एकदा जसंच्या तसं कागदावर यावं असं वाटतं. शाळा चौथीपर्यंत झाली. तेवढ्यात जमेल तसं लिहिते.

आमचं घर उजनीच्या पाण्याच्या काठाला आहे. पावसाळा संपता संपता पाणी आमच्या उसाच्या बांधाला येऊन लागतं. संक्रांत झाली की मागं हटायला लागतं, रोज चार पावलं, कधी दहा. मागं काळी मऊ गाळाची जमीन उरते. ती ओली आहे तोवर पेरायची, त्याला आम्ही गाळपेर म्हणतो. वरच्या रानाला पाणी द्यावं लागतं, मोटर लागते, वीज लागते. गाळपेराला काही लागत नाही. मात्र ओल उडाली की संपलं. ढेकळं दगडासारखी होतात.

या जमिनीला कायमची हद्द नसते. सहा-सात महिने सगळं पाण्याखाली असतं, दगड गाळात बुडून जातात. म्हणून दरवर्षी नव्यानं मोजायचं. आमचं आणि धाकल्या मामांचं रान शेजारी शेजारी आहे. धाकले मामा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे पाठचे भाऊ. दोघं म्हातारे काठावरच्या बाभळीपासून पावलं मोजत खाली जातात, आणि जिथं हद्दीचा दगड रोवायचा तिथं आधी पांढऱ्या फक्कीचा गोल टाकतात. गोल टाकला म्हणजे हद्द ठरली. मग त्यावर दगड. आदल्या वर्षी दोन पावलांवरून दोघांत असं भांडण झालं की दिवाळीला एकमेकांच्या घरी फराळाचं ताटसुद्धा गेलं नाही. यंदा संक्रांतीला तिळगूळ दिला-घेतला, आणि दोघांनी मिळून दगड रोवले.

मी रोज सकाळी म्हशीला गवत कापायला खाली जाते. सूर्य वर यायच्या आधी पाण्यावर धूर असतो, आणि त्या धुरात आधी आवाज ऐकू येतात, पाखरं मागनं दिसतात. रोहित पक्षी लांब पलीकडच्या उथळात उभे असतात. त्यांना बघायला शहरातली माणसं नावेतून येतात, गळ्यात मोठाले कॅमेरे. आमच्या काठावरून त्यांची नुसती फिकी गुलाबी रेघ दिसते. जवळ असतात त्या शेकाट्या, लाल काड्यांसारख्या पायांच्या. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी बदक, खरं तर हंसाएवढे मोठे, थंडीभर हरभऱ्यात घुसून धाकल्या मामांच्या शिव्या खातात. शिवरात्र आली की त्यांची गडबड सुरू होते. एक दिवस सगळे मिळून उठतात, काठावर दोन फेऱ्या मारतात आणि जातात. दुसऱ्या दिवशी हरभरा मोकळा. चित्रबलाकांचे थवे असतात. पहाटेचं एखादं कोल्हं ओल्या गाळात पावलं उठवून गेलेलं असतं. पावलं सरळ रेघेत, एकापुढं एक.

आणि एक पाखरू असतं, काळी टोपी घातल्यासारखं डोकं, पिवळीधमक चोच, अंग राखी, शेपटीला दोन टोकं. पाण्यावर सूर मारतं आणि मासा घेऊनच वर येतं. आम्ही आपलं पाणपाखरू म्हणायचो. नाव चालवणारा एक जण म्हणाला, त्याला नदीसुरय म्हणतात. यंदा होळीच्या आधी नर मादीला मासा आणून देताना बघितला. ती मासा घ्यायची, पण तिथून हलायची नाही. म्हणून मी विळा खाली ठेवून जवळ गेले, तर ती ओरडत उठली आणि थेट माझ्या डोक्यावर आली.

अंडी उघड्यावर होती. घरटं म्हणावं असं काही नाही, मुरमात खळगा. तीन अंडी, मातकट, वर तपकिरी डाग. एकदा बघितली आणि मान वळवून पुन्हा बघितलं तर दिसेनात. पंधरा-वीस पावलांवर दुसरा खळगा, मग तिसरा. तिन्ही त्या मुरमाड उंचवट्यावर, एका ओळीत म्हणावं असे. जागा कुणाची ते मी तेव्हा बघितलंच नाही. उंचवटा हद्दीच्या दगडांच्या पलीकडं होता, धाकल्या मामांच्या बाजूला, आठ-दहा पावलं आत.

तीन दिवसांनी संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, "उद्या ट्रॅक्टर येणार. दोनी रानं एकदमच रोटर मारून घ्यायची."

रोटर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचं पात्याचं अवजार. ते फिरलं की ढेकूळसुद्धा शिल्लक राहत नाही.

सांगायचं कुणाला? ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, पाखराच्या अंड्यापायी ट्रॅक्टर थांबवू व्हय. मामांशी, म्हणजे सासऱ्यांशी, मी बोलत नव्हते. भांडण काही नव्हतं, आमच्यात रीतच तशी. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यांना काही सांगायचं असलं तर मी दारामागून सासूबाईंना सांगायची. त्या गेल्यावर पोरांना. पोरं शिकायला गेल्यावर म्हशीकडं बघून म्हणायची, "ताट वाढलंया." मामा उठायचे. त्यांच्याशी मी नुसतं 'व्हय' म्हणायची, तेही मान खाली घालून.

म्हणून पहाटे उठले. गोठ्यात हद्दीच्या वेळची फक्कीची पिशवी उरली होती. मनात एवढंच होतं की ट्रॅक्टरवाला परक्या गावचा, त्याला काहीतरी पांढरं दिसलं पाहिजे. पांढरं दिसलं की तो वळसा घालेल. तिन्ही खळग्यांभोवती हातभर अंतर सोडून मी फक्की सोडली. पाखरं डोक्यावर ओरडत होती. घाईघाईनं परत आले. चूल पेटवली, भाकरी केल्या.

गाळपेरात जन्म गेला तरी त्या घटकेला मला सुचलं नाही की फक्कीचा गोल म्हणजे काय.

दहाच्या सुमारास न्याहारी घेऊन बांधावर आले आणि पाटी डोक्यावरच राहिली. ट्रॅक्टर खाली उभा होता, बंद. उंचवट्यावर माणसं. धाकले मामा, मामा, हे. थोडी बाजूला माझी जाऊ, धाकल्या मामांची सून, कमरेवर हात ठेवून. आणि वर सहाही पाखरं, कीर-कीर करत, खाली येत, पुन्हा वर जात.

"रातोरात हद्द दहा पावलं सरकली की रं," धाकले मामा म्हणत होते. "पाय फुटलं व्हय हद्दीला?"

"आमी कशाला सरकवू?" हे म्हणाले. "तुमीच टाकली असंल आन् तुमीच बोंब मारायलाय."

"आमी? आमच्याच रानात आत? मी काय येडा हाय व्हय?"

"मागच्या वर्षीबी असंच म्हणला हुता."

"मागच्या वर्षीचं काडू नगंस! तिळगूळ खाल्लाय तुमच्या घरचा म्हणून गप हाय."

मामा खाली वाकून गोल बघत होते. म्हणाले, "मी टाकतू तो गोल कधी गोल नसतुया. माझा हात थरथरतुय. ह्यो बगा, भाकरीगत झालाय."

जावेनं वळून माझ्याकडं बघितलं. पाटीतल्या फडक्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. बोटांच्या पेरांत फक्की अजून होती. तिला कळलं.

मी खाली उतरले. पाटी ट्रॅक्टरजवळ ठेवली. ऊन चढलं होतं. फाल्गुनातच आमच्याकडं दहाचं ऊन डोक्यात घुसतं. त्या मुरमावर अनवाणी उभं राहवत नाही. अंडी त्याच मुरमावर होती. पाखरू बसलेलं असलं की सावली असते, ते मधूनमधून पाण्यावर जातं, पोट भिजवून येतं आणि ओल्या पोटानं बसतं, मी बघितलं होतं. आदल्या उन्हाळ्यात पलीकडच्या वाळूच्या दांड्यावर माणसं दिवसभर मासे वाळवत बसली होती. पाखरं दिवसभर वरच फिरली. तिथल्या अंड्यांतून नंतर पिल्लं निघालीच नाहीत. मी एक उचलून हलवून बघितलं होतं, आत पाणी झालं होतं.

हे लोक इथं कधीपासून उभे होते मला माहीत नव्हतं. ट्रॅक्टरवाला बोनेटला टेकून तंबाखू मळत होता. त्याच्याजवळ पाणी ठेवताना मी विचारलं, आवाज निघाला की नाही तेही कळलं नाही. "किती येळ झाला?"

"कशाला? भांडनाला?" तो हसला. "अर्धा तास झाला असंल. मला बाराला दुसऱ्या रानात जायचंय, तुमी बगा बाई."

अर्धा तास. मी ह्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. "ऐका की," म्हणाले.

"गप गं."

"आवं, ती फक्की..."

"गप म्हणलं नव्हं? हितं हद्दीचं चाललंय."

जावेकडं गेले. तिला म्हणाले, "सांगा की धाकल्या मामांस्नी. तितं अंडी हायती. मी टाकलीया फक्की."

"मी कशाला सांगू?" ती तोंड न हलवता म्हणाली. "आमच्या रानात गोल टाकाय तुला हात हाय, बोलाय तोंड न्हाय व्हय?"

"आवो, जळतील की उनात..."

"माझा सासरा मला फाडून खाईल. तू सांग."

एक कावळा येऊन हद्दीच्या दगडावर बसला. डोकं इकडून तिकडं करत खाली बघत होता. माणसं होती म्हणून पुढं येत नव्हता. माणसं गेली आणि पाखरं लगेच परत बसली नाहीत तर त्याला पुरे होतं. माणसं थांबली तर ऊन होतंच.

तेवढ्यात धाकले मामा म्हणाले, "कुणी टाकली ती टाकली, मी पुसतू," आणि चपलेनं पहिला गोल घासायला लागले. फक्की मातीत मिसळत होती. चप्पल आणि अंडी यांत वीतभर अंतर होतं, मग त्याच्या निम्मं. हे दुसऱ्या गोलाकडं चालत निघाले, "पुसू नगा, पंचांस्नी दाखवायचंय" म्हणत. त्यांना खाली काही दिसत नव्हतं. कुणालाच दिसत नव्हतं.

"मामा!"

माझाच आवाज होता. इतका मोठा की कावळा उडाला. मामांनी मान वर केली. कुणाला हाक मारली ते त्यांना कळेना, मागं वळून बघितलं, मागं कुणी नव्हतं.

"मामा, अंडी हायती तितं. फक्की मी टाकलीया. हद्दीची न्हाय. ट्रॅक्टरवाल्याला दिसावी म्हणून." मग धाकल्या मामांकडं वळले. "तुमी पाय उचलू नगा. हाय तितंच ऱ्हावा."

धाकले मामा पाय घासता घासता तसेच थांबले, टाच खाली, चवडा वर.

"कुटं हायती अंडी?" हे म्हणाले. "येड लागलंया हिला. कुटं दिसत्यात?"

मला आधीच दिसलं होतं. म्हणून बोलवत नव्हतं. "तुमच्या पायाखाली," म्हणाले.

त्यांनी चप्पल वर केली. तळाला पिवळं चिकटलं होतं, त्यात टरफलाचे तुकडे. खाली दोन अंडी तशीच होती, तिसऱ्याच्या जागी ओला डाग. ह्यांनी पाय वर धरला तो खाली ठेवेनात. एका पायावर डुलायला लागले. मामांनी आपल्या पायाखाली बघितलं, धाकल्या मामांनी बघितलं, आणि तिघंही जागच्या जागी खिळले.

"आता उडून या समदी," ट्रॅक्टरवाला म्हणाला आणि जाऊ तोंडाला पदर लावून हसली. मला हसू येत नव्हतं.

मी आत गेले. मला वाट माहीत होती. "तुमी आदी," ह्यांना म्हणाले. "पाय मागं घ्या. त्या ढेकळावर. आता सरळ माझ्याकडं." ते आले. मामांना म्हणाले, "डावा पाय हितं. न्हाय, त्येच्या अलीकडं. काठी टेकू नगा, काठी माझ्याकडं द्या." त्यांनी काठी दिली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडं बघून बोलत होते, आणि ते मी सांगेन तिथं पाय टाकत होते. शेवटी धाकले मामा. त्यांच्या चवड्यापासून चार बोटांवर तिन्ही अंडी, फक्की उडालेली, पांढरी झालेली. म्हणून तर त्यांना ती तेव्हा दिसली.

"आगायायाया," ते म्हणाले. "ही व्हय? मी खडं समजलू."

"टाच फिरवू नगा. सरळ वर उचला."

ते बाहेर आले. मी म्हणाले, "आता सगळी बांधावर चला. लांब. न्हाईतर ती बसत न्हाईत."

बाभळीखाली जाऊन बसलो. न्याहारीचं फडकं सोडलं, पण घास तोंडाजवळ थांबत होते, सगळे खालीच बघत होते. कावळा दगडावर परत आला. मी काठी आपटली, तो उडून पलीकडच्या दगडावर बसला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एक पाखरू पाण्यावर गेलं, पोट टेकवून पाण्याला घासलं, दोनदा, तीनदा, आणि सरळ मधल्या खळग्यावर येऊन उतरलं. इकडं तिकडं बघितलं. अंग हलवून बसलं. फुटलेल्या अंड्याचं टरफल त्यानं चोचीत धरून बाजूला टाकलं होतं की वाऱ्यानं गेलं ते लांबून दिसलं नाही. मग पलीकडचं बसलं. पहिल्या गोलातलं, धाकल्या मामांच्या पायाजवळचं, बसेना. वर फिरायचं, उतरायचं, पळत जवळ जायचं आणि परत उठायचं.

"त्येला काय झालं?" मामांनी विचारलं. माझ्याकडं बघून. मधे म्हैस नव्हती, कुणी नव्हतं.

"फक्कीमुळं वळखू येत नसंल," मी म्हणाले. "अंडी पांढरी झाल्यात."

"मग पुस की."

"आता गेलं तर बाकीची उठतील."

ते पाखरू त्या दिवशी बसलंच नाही. दुपारनंतर त्यानं फिरणंही सोडलं. त्या खळग्यातली तीन अंडी दुसऱ्या दिवशी कावळ्यानं नेली. ती माझ्या फक्कीनं गेली, हे खरं आहे, आणि ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिणं बरोबर नाही.

बाभळीखाली मामांनी अजून एक विचारलं होतं, "किती दिस लागत्यात फुटाय?"

"वीस-बावीस."

"तवर ओल ऱ्हाईल?"

"न्हाय."

"मग तेवढी जमीन यंदा गेली म्हणायची," धाकले मामा म्हणाले. "आन् जमीन कुणाची? माझी. अंडी कुणी शोधली? तुमच्या सुनंनं. मग नुकसान मी का सोसू?"

पुन्हा सुरू होणार असं वाटलं. हे उठून उभे राहिले. मामा मात्र बसूनच होते. म्हणाले, "तुझी जेवढी पडून ऱ्हाईल तेवढी आमच्यातली वरच्या अंगाची घे यंदापुरती. पावलं तू मोज."

"आन् पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी पाणी कुटं थांबतंय कुणाला ठावं."

धाकल्या मामांनी पावलं मोजली. लांबलांब टाकली, सगळ्यांना दिसलं. हे तोंड फिरवून उभे राहिले. ट्रॅक्टरवाल्यानं उंचवटा सोडून रोटर मारला, शेवटच्या फेऱ्या एकदम हळू. पाखरं दर फेरीला उठली आणि दर फेरीनंतर बसली. मी मोजत होते. आमच्या घरात दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या कावळ्याला हाणाय गोफण हाय का बग," आणि मग बोलायला लागले.

पुढचे वीस दिवस मी गवताला जायच्या निमित्तानं बांधावर बसायची. कुत्र्यांना हाकलायचं, कावळ्यांना हाकलायचं. पाणी रोज मागं जात होतं. अंडी घातली तेव्हा पाणी खळग्यांपासून हाकेच्या अंतरावर होतं. आता नर मासा घेऊन यायचा तर तळपत्या ढेकळांवरून लांबून यायचा. मका आमच्या बाजूनं बोटभर वर आला होता, धाकल्या मामांच्या बाजूनंही. मधे तेवढा उंचवटा बोडका.

मधल्या खळग्यात एकच पिल्लू निघालं. दुसरं अंडं तसंच राहिलं. पलीकडच्या खळग्यात तीन निघाली, त्यातलं एक घारीनं माझ्या डोळ्यांदेखत उचललं, मी ओरडत पळाले तरी. उरलेली दोन त्याच संध्याकाळी आईबापामागं पाण्याच्या दिशेनं चालत गेली, ती पुन्हा मला दिसली नाहीत. ओल्या गाळात त्यांची पावलं थोडी लांब दिसत होती, मग नाही.

मधलं एकटं राहिलं. मातीच्या रंगाचं, रोटरनं काढलेल्या चरीत सावली धरून बसायचं. एक दिवस बापानं मासा आणला तो त्याच्या अंगाएवढा. मला वाटलं, हे काही खाता येणार नाही त्याला, अडकणार घशात. त्यानं डोक्याकडून धरला. ढकलत ढकलत आत घेतला आणि शेपूट बाहेर ठेवून, मान ताठ करून, तसंच बसून राहिलं. मी श्वास धरून बघत होते. बराच वेळ शेपूट तेवढीच होती. मग थोडी आत गेली. मग सगळी गेली, आणि त्यानं पुन्हा चोच उघडली.